दिल्लीतील संस्थानी प्रासाद

दिल्लीतील संस्थानी प्रासाद : राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा १९११ मध्ये झाल्यानंतर संस्थानिकांनी नव्या शहरात, मुख्यतः इंडिया गेटच्या परिसरात बांधलेली निवासस्थाने. नरेंद्रमंडळ या संस्थानिकांच्या सभेच्या (स्थापना १९२१) बैठकांसाठी येणाऱ्या राजांच्या मुक्कामाची ती सोय होती. म्हणजे कायम वास्तव्यापेक्षा आदरातिथ्य व प्रतिष्ठा हाच त्यांचा मूळ हेतू. संस्थाने विलीन झाल्यावर या प्रासादांचे काय झाले, याचे उत्तर या हेतूतच सापडते. वास्तुविशारद ल्यूटेन्सने रचलेल्या हैदराबाद हाउसमध्ये आज परदेशी राष्ट्रप्रमुखांशी वाटाघाटी होतात. जयपूर हाउसमध्ये १९५४ पासून राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आहे. या दोन्ही ठिकाणी प्रशस्त दालनांचे सार्वजनिक रूप टिकले.

सरकारी वापराने वास्तूचे वैभव लोपते, असा आक्षेप घेतला जातो. गायकवाडांच्या बडोदा हाउसमध्ये उत्तर रेल्वेचे मुख्यालय, तर पतियाळा हाउसमध्ये न्यायालये आली. कचेरीच्या गरजा राजदालनांना मानवत नाहीत, हे खरे. तथापि रिकामी वास्तू अधिक लवकर ढासळते आणि वापर बदलता येतो. दीर्घकाळ बसस्थानक म्हणून ओळखले गेलेले बिकानेर हाउस दुरुस्तीनंतर सांस्कृतिक केंद्र झाले. म्हणून वापर हा या प्रासादांचा शत्रू नसून, त्यांच्या रचनेशी विसंगत वापर हाच खरा धोका होय.