टॅब्लेचरची चिन्हे आणि नवशिका वादक

युरोपीय स्वरलेखनाच्या इतिहासात पाच रेषांवरील स्वरलिपीस प्रधान स्थान दिले जाते आणि तंतुवाद्यांच्या टॅब्लेचरची गणना तिच्या सोप्या व म्हणून गौण पर्यायात होते. गिटार प्रथमच हाती घेणाऱ्यास आजही बहुधा टॅब्लेचरच दाखविले जात असल्याने हा समज अधिकच दृढ होतो. परंतु १५०७ ते १७९९ या कालखंडातील मुद्रित ग्रंथ पाहिले असता निराळा निष्कर्ष निघतो. स्वरलिपी कोणता स्वर निघावा हे सांगते. टॅब्लेचर बोट कोठे पडावे हे सांगते. दोन्हींचे प्रश्नच भिन्न आहेत. या भेदामुळे नवशिक्यास काय लाभले व काय अंतरले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

(१)

व्हेनिसचा मुद्रक ओत्ताव्यानो पेत्रुची याने १५०७ साली फ्रांचेस्को स्पिनाचिनो याचे ल्यूट या वाद्याचे दोन भाग छापले. आरंभी लॅटिन व इटालियन अशा दोन भाषांत नियम दिले असून ते ‘गाता न येणाऱ्यांसाठी’ आहेत, असे शीर्षकातच म्हटले आहे. येथे ‘गाणे’ म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे होय. ज्यास ती विद्या अवगत नाही त्याच्याही हाती वाद्य पडले आहे, हे मुद्रकाने ओळखले होते.

नियम थोडके आहेत. सहा रेषा म्हणजे वाद्यावरील तारांच्या सहा ओळी. रेषेवरील ० हा अंक मोकळी तार दर्शवितो. १ म्हणजे पहिला पडदा, २ म्हणजे दुसरा. अंकाखाली टिंब असल्यास आघात खालून वर करावयाचा, नसल्यास वरून खाली. सतारीचे ‘दा’ आणि ‘रा’ हे बोल ज्याप्रमाणे स्वर न सांगता उजव्या हाताची क्रिया सांगतात, त्याच जातीचे हे टिंब आहे. कालमान दर्शविणारी चिन्हे रेषांच्या वर येतात.

या पद्धतीत सर्वांत वरची रेषा सर्वांत खर्जाच्या तारेची असते. नवशिक्यास हे उलटे वाटते, परंतु त्यास कारण आहे. वाद्य मांडीवर घेतले असता खर्जाची तारच वर येते; पृष्ठ हे वाद्याचे चित्र आहे. १५३६ साली वलेन्सिया येथे प्रसिद्ध झालेल्या ‘एल मायेस्त्रो’ या ग्रंथात लुइस मिलान याने मात्र हा क्रम फिरविला व तीव्र स्वराची तार वरच्या रेषेवर घेतली. एकाने हातास प्रमाण मानले, दुसऱ्याने कानास. मिलानचा ग्रंथ विहुएला या गिटारसदृश स्पॅनिश वाद्यासाठी असून त्याच्या पहिल्या भागात नवशिक्यांच्या आवाक्यातील रचना व दुसऱ्या भागात अधिक कठीण रचना आहेत. स्पेनमधील पुढच्या विहुएला-ग्रंथकारांनी त्याचा रेषाक्रम स्वीकारला नाही. आजच्या गिटार-टॅब्लेचरचा क्रम मात्र मिलानच्या क्रमाशी जुळतो.

(२)

पद्धतीपद्धतींतील हा भेद रेषांपुरता मर्यादित नव्हता. पिएर अतेन्याँ याने १५२९ साली पॅरिस येथे ल्यूटची प्रवेशिका छापली. ती ‘स्वतःच्या स्वतः’ शिकण्यासाठी आहे, असे तिच्या लांबलचक नावातच नमूद आहे. गुरूचे काही कार्य पुस्तकाने करावे, ही आकांक्षा येथे स्पष्ट उच्चारली गेली. फ्रेंच पद्धतीत अंकांऐवजी अक्षरे येतात: ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा. जर्मन पद्धतीत तर रेषाच नाहीत. तार व पडदा यांच्या प्रत्येक छेदास स्वतंत्र चिन्ह असून ती सर्व पाठ करावी लागत. झेबास्टियान फिरडुंग याने १५११ साली बाझेल येथे छापलेल्या संवादरूप ग्रंथात या पद्धतीचे जनकत्व न्यूरेंबर्गच्या कोनराड पाउमान या अंध वादकास दिले आहे.

सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाच जोडतारांच्या गिटारमुळे आणखी एक लिपी पुढे आली. जोआन कार्लेस आमात या वैद्याने, १५९६ च्या आपल्या पुस्तिकेत, एकेका स्वराऐवजी संपूर्ण कॉर्डला अंक दिला. जिरोलामो माँतेसार्दो याने फ्लॉरेन्स येथे १६०६ साली त्यासाठी अक्षरे योजिली. या लिपीतील ‘ए’ म्हणजे ए मेजर नव्हे, तर जी मेजर; ‘बी’ म्हणजे सी मेजर. अक्षर हे स्वराचे नाव नसून बोटांच्या ठेवणीचे नाव आहे. रेषेखाली लोंबणारी लहान खूण म्हणजे खालच्या दिशेचा आघात, वर उभी असलेली म्हणजे वरच्या दिशेचा.

परिणाम असा की, ‘१’ हा एकच अंक इटालियन पद्धतीत पहिला पडदा, जर्मन पद्धतीत एक मोकळी तार, तर आमातच्या पुस्तिकेत संपूर्ण कॉर्ड दर्शवितो. तेव्हा टॅब्लेचर ‘स्वयंस्पष्ट’ असते हे मत टिकत नाही. प्रत्येक चिन्हामागे एक संकेत असून तो शिकूनच घ्यावा लागतो. ग्रंथारंभीचे नियम ही म्हणूनच केवळ औपचारिक प्रस्तावना नव्हे. ती लिपीची किल्लीच होय.

(३)

या लिपीची खरी उणीव कालमानात आहे. वरचे चिन्ह पुढील आघात केव्हा करावयाचा एवढेच सांगते. छेडलेला स्वर कोठवर टिकवावयाचा, हे सांगत नाही. दोन-तीन स्वरधारा एकत्र चालत असता कोणता स्वर कोणत्या धारेचा, हे वाचकास स्वतः ठरवावे लागते. जाणत्या वादकास ते उमगते. नवशिका बोटे अचूक ठेवूनही रचनेचा बांधा गमावण्याचा संभव असतो. शिवाय वाद्याची जुळणी बदलली की तीच चिन्हे भिन्न स्वर देतात.

उलटपक्षी, विद्वानांची स्वरलिपी जे गृहीत धरीत होती ते टॅब्लेचर उघड सांगते. तत्कालीन गायनलिपीत कोमल-तीव्राचे अनेक फेरफार लिहिले जात नसत. ते गायकाने नियमानुसार जाणावेत अशी अपेक्षा असे. टॅब्लेचरमध्ये बोट कोणत्या तरी एका पडद्यावर पडलेच पाहिजे. तेथे संदिग्धतेस जागा नाही. म्हणून गायनरचनांची ल्यूट व विहुएलासाठी केलेली रूपांतरे आज सोळाव्या शतकातील स्वरव्यवहाराचा महत्त्वाचा पुरावा ठरतात. ‘गाता न येणाऱ्यांसाठी’ केलेली लिपी गायकांच्याच प्रथेची साक्ष देते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

(४)

गास्पार सान्स याने १६७४ साली सारागोसा येथे प्रसिद्ध केलेल्या गिटार-शिक्षणग्रंथात कॉर्डची अक्षरे आणि अंकी टॅब्लेचर ही दोन्ही आढळतात. अठराव्या शतकात मात्र मते पालटू लागली. १७९९ साली माद्रिद येथे फेर्नांदो फेरांदिएरे व फेदेरिको मोरेत्ती यांचे गिटारविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाले; दोघांनीही पाच रेषांची स्वरलिपी वापरली. इतर वाद्यांसह एका लिपीत वाचता येणे, हा तिचा उघड लाभ होता. त्यासाठी नवशिक्यास एकाच स्वराची गिटारवरील अनेक स्थाने स्वतः शोधावी लागली. म्हणजे काठिण्य नाहीसे झाले नाही; त्याचे स्थान केवळ पालटले.

तात्पर्य, टॅब्लेचर सोपे आणि स्वरलिपी अवघड, ही विभागणी इतिहासास धरून नाही. एकीने हाताचे ज्ञान लिहिले व कानाचे वाचकावर सोपविले. दुसरीने कानाचे लिहिले व हाताचे सोपविले. कोणतीही लिपी शिकणाऱ्याने ती काय सांगते याबरोबरच ती काय सांगत नाही हेही आरंभीच जाणून घ्यावे, आणि जुन्या टॅब्लेचरचे स्वरलिपीत रूपांतर करणाऱ्या अभ्यासकाने आपण लिहिलेले प्रत्येक दीर्घ कालमान हे मुळातील वाचन नसून आपला निर्णय आहे, याचे भान ठेवावे.