पोटभर मिळतं का?

दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा मोजपट्टी कॅलरीची होती. माणशी दिवसाला 2250. तेवढं अन्न मिळेल इतकाही ज्याचा खर्च नाही, तो गरीब. यावर पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी सांभाळलेला हा माणूस. त्यांचं म्हणणं, शरीराची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते, सरासरीखाली आलेला प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही. वाद बरीच वर्षं गाजला. त्यात घरातल्या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने घरोघरी प्रश्न टाकला: सगळ्यांना दोन वेळ पोटभर मिळतं का? ग्रामीण भागात 'नाही'वाले 1983 मध्ये 17.3 टक्के होते, 2004-05 मध्ये 2.5 राहिले. गंमत अशी की याच काळात गावातल्या माणसाच्या कॅलरी 2240 वरून 2047 वर उतरल्या. कष्टाची कामं कमी झाली, पाणी-आरोग्य सुधारलं, अशी कारणं अभ्यासक देतात आणि त्यात तथ्यही असेल. पण मला तो प्रश्नच कच्चा वाटतो. दारात आलेल्या अनोळखी माणसाला भूक कोण सांगतं? आमच्या मोहल्ल्यात तर चूल पेटलेली नसली तरी उत्तर एकच, "अल्लाहचा शुक्र आहे."

अमेरिकेत कॅथी रॅडिमर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून न्यूयॉर्क राज्यातल्या 32 बायकांशी सविस्तर बोलून वेगळी वाट काढली. त्या बायकांच्या बोलण्यातून एक क्रम दिसला. आधी काळजी, मग हलकंसलकं अन्न, मग आईचं ताट लहान होतं, मुलांचं अगदी शेवटी. त्या पायावर 1995 मध्ये तिथल्या सरकारी पाहणीत 18 प्रश्न आले. 2006 मध्ये मात्र त्या सरकारने अहवालातल्या वर्गवारीतून 'भूक' हा शब्दच काढला आणि 'अत्यंत कमी अन्नसुरक्षा' म्हणायला लागलं. शब्द गेला, माणसं तीच.

2014 पासून अन्न व कृषी संघटना आठ प्रश्न जगभर विचारते: काळजी वाटली का, जेवण टाळलं का, अख्खा दिवस उपाशी काढला का. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वजन-उंची घेतं, रक्त तपासतं, डाळ-दूध-अंडी किती वेळा खाता हेही विचारतं. गेल्या वर्षात घरातलं धान्य कधी संपलं होतं का, हे त्यात विचारत नाहीत.