पारावरून पटांगणात : वऱ्हाडातील शाळा आणि कथा सांगणारे पाहुणे

वऱ्हाडात, म्हणजे आजच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांच्या प्रदेशात, कथा सांगणारा माणूस शाळेच्या कितीतरी आधीपासून होता. शाळेच्या आवारात मात्र तो फार उशिरा पोहोचला. शाळांत कथाकार आणि लेखक पाहुणे म्हणून बोलावण्याच्या प्रथेचा इतिहास पाहताना हा क्रम विसरून चालत नाही. मेरी शेडलॉक या इंग्रज कथाकार बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत कथाकथन केले, तेव्हा तेथील ग्रंथपालांना आणि शिक्षकांना तो मुलांना शिकविण्याचा एक नवा मार्ग वाटला. वऱ्हाडात त्याची नवलाई वाटण्याचे कारण नव्हते. गावच्या पारावर आणि देवळाच्या सभामंडपात जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्याला शाळेने आपले दार केव्हा आणि कोणत्या अटींवर उघडले, हाच येथे खरा प्रश्न आहे.

कथेतून शिकविण्याची या भागातील सर्वांत जुनी लिखित साक्ष महानुभाव पंथाची आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीचक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्यस्थान. चक्रधरांच्या पश्चात त्यांचे शिष्य याच गावी एकत्र आले आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी, ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते अशांकडून एकेक आठवण विचारून घेत, ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधर निरूपण करताना लहान लहान गोष्टी सांगत. केसोबासांनी त्या वेगळ्या काढून ‘दृष्टान्तपाठ’ रचला, त्यात ११४ दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे : आधी सूत्र, म्हणजे मूळ वचन, मग दृष्टान्त, म्हणजे प्रत्यक्ष गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीतून सूत्राचा लागणारा अर्थ. हत्तीला चाचपून प्रत्येकाने त्याचे वेगळे रूप सांगणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते; ती या ग्रंथात मराठीत आलेली आहे. विद्वानांच्या संस्कृतऐवजी घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत ज्ञान सांगावे, हा आग्रह या पंथाने धरला, आणि वऱ्हाडच्या पुढील सर्व कथाकारांचा प्रश्न, म्हणजे कोणाच्या भाषेत सांगायचे, त्याने सातशे वर्षांपूर्वीच उभा केला.

पुढील काळात गावोगाव फिरणारे सांगणारे अनेक होते. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, नाथजोगी हे भिक्षेकरी म्हणून येत आणि गाण्यातून कथा सांगून जात. गावातील तरुणच दंडार उभी करीत, म्हणजे पुरुषांनीच स्त्रियांची सोंगे घेऊन नृत्य, गीत आणि चटपटीत संवाद यांतून रात्रभर रंगविलेले लोकनाट्य. या सर्वांपेक्षा प्रतिष्ठित होता तो कीर्तनकार. नारदीय पद्धतीच्या कीर्तनाचे दोन भाग असतात : पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे विवेचन आणि उत्तररंगात त्या विवेचनाला साजेसे आख्यान. मुले पूर्वरंगात पेंगत आणि उत्तररंगाला जागी होत, यात नवल नाही; परंतु आख्यान ऐकता ऐकता पुराणातील माणसे, नद्या, गावे आणि न्याय-अन्यायाच्या कल्पना त्यांच्या मनात घर करीत, आणि निरक्षर घरातील मुलालाही हे शिक्षण फुकट मिळे.

शाळा मात्र वेगळ्या वाटेने आली. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि त्यानंतरच्या दशकांत सरकारी शाळा निघू लागल्या. त्यापूर्वी पंतोजींच्या शाळांत धुळाक्षरे, मोडी लिहिणे आणि पावकी-निमकी यांपुरते शिक्षण असे. सरकारी शाळेने त्यात छापील क्रमिक पुस्तक, वर्गवारी आणि परीक्षा यांची भर घातली. पुस्तकांची मराठी पुण्या-मुंबईकडे घडलेली होती. वऱ्हाडी मूल घरी ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणे, शाळेत त्याला ‘मला’ आणि ‘तुला’ लिहावे लागे. जे तोंडातून सहज येई ते पाटीवर चूक ठरे. या शाळेत बाहेरून येणारा ठरलेला पाहुणा एकच होता, तो म्हणजे तपासणीला येणारा शिक्षणखात्याचा अधिकारी, ज्याला लोक ‘दिपोटी’ म्हणत. त्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी भिंती सारवल्या जात, मुलांना धुतलेले कपडे घालून बसविले जाई आणि तो विचारील त्याची उत्तरे घोकून घेतली जात. हा पाहुणा काही सांगायला येत नसे, विचारायला येई. शाळेतील पाहुण्याविषयी धाकाची जी भावना कित्येक पिढ्यांच्या मनात राहिली, तिचे मूळ येथे आहे, आणि पुढे लेखक शाळेत आला तेव्हाही ती एकदम गेली नाही.

शहरांत याच सुमारास साहित्याचे प्रौढांसाठीचे व्यासपीठ तयार होत होते. अमरावती आणि अकोला येथे वाचनालये निघाली. १९१२ मध्ये हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरले. १४ जानेवारी १९२३ रोजी, संक्रांतीच्या मुहूर्तावर, अमरावतीत विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. या सर्व घडामोडी मोलाच्या होत्या, पण त्या वकील, शिक्षक आणि सुशिक्षित रसिक यांच्या वर्तुळात राहिल्या. बालशिक्षणाचा विचार पुढे ज्यांनी महाराष्ट्रात रुजविला त्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत होत्या, तरी त्यांचे गोष्टीला केंद्रस्थान देणारे कार्य नंतर गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात आणि त्यापुढे बोर्डी-कोसबाड परिसरात बहरले. वऱ्हाडच्या वाट्याला ते आले नाही.

वऱ्हाडात कथा आणि शाळा यांची गाठ घातली ती साहित्यिकांनी नव्हे, कीर्तनकाराने. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कीर्तनाची घडण मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट त्यांनी मोडली. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते एका आवाजात उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि असे करता करता कर्ज काढून केलेले सण, नवसाला दिलेला बोकड किंवा दारूचे व्यसन यांतील खोटेपणा श्रोत्यांच्या स्वतःच्याच तोंडून बाहेर पडे. दिपोटीही प्रश्नच विचारी. पण त्याच्या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर असे आणि ते आधीच छापलेले असे, तर गाडगेबाबांच्या प्रश्नाचे उत्तर ऐकणाऱ्याला आपल्या जगण्यातून शोधावे लागे. भाषा सारी वऱ्हाडी. घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलाला शाळेत घाला, हे ते पुनःपुन्हा सांगत. आणि ज्या माणसाला शाळेने कधी आत घेतले नाही त्याने हजारो घरांतील मुले शाळेत धाडली, ही वऱ्हाडच्या शैक्षणिक इतिहासातील अत्यंत हृद्य घटना मानली पाहिजे.

त्याच काळात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. खेड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी ही मुले म्हणजे कीर्तन-भजनाचा मूळचा श्रोतृवर्गच होता. गाडगे महाराजांनी आपल्या धर्मशाळांचा आणि लोकांकडून जमलेल्या पैशाचा ओघही शिक्षणाकडे वळविला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीच्या तालावरील भजनांतून गावसफाई, व्यायाम, समता यांचा प्रसार केला; त्यांच्या ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त शिक्षणाचा विचार विस्ताराने आला असून जीवन आणि शिक्षण वेगळे नसावे, हे त्याचे सार आहे. अमरावती परिसरात सामुदायिक प्रार्थनेची जी सवय लागली, तिचा उगम या चळवळीत आहे.

कीर्तनकार आणि लेखक यांच्यामधील दुवा म्हणून एक नाव आवर्जून घ्यावे लागते. गोपाल नीलकंठ दांडेकर यांचा जन्म १९१६ मध्ये परतवाड्याचा. शाळकरी वयातच ते स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने घर सोडून निघाले, पुढील भ्रमंतीत गाडगे महाराजांच्या सहवासात आले आणि त्यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. पुढे दांडेकरांच्या कादंबऱ्यांचे कुटुंबीयांसह अभिवाचन होऊ लागले, म्हणजे वेशभूषा-नेपथ्याविना केवळ आवाजाच्या चढउतारांतून पुस्तक श्रोत्यांपुढे उभे करणे. या कलेमागे गाडगेबाबांच्या कीर्तनाचे संस्कार असावेत, असे मानण्यास जागा आहे. १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा वऱ्हाडचा एक फिरता सांगणारा लेखक म्हणून आपल्या प्रदेशात परतला होता.

शाळेच्या पटांगणात लेखकाला आणणारा थेट मार्ग दोन प्रवाहांतून तयार झाला. पहिला साने गुरुजी कथामालेचा : १९५० मध्ये साने गुरुजींच्या निधनानंतर त्यांचे विद्यार्थी प्रकाशभाई मोहाडीकर यांनी मुलांना ठरलेल्या वेळी एकत्र बसवून गोष्टी सांगण्याचे काम सुरू केले, आणि शिक्षक-कार्यकर्त्यांच्या बळावर ते महाराष्ट्रभर पसरले. दुसरा प्रवाह कथाकथनाचा, म्हणजे लेखकाने आपली कथा वाचून न दाखविता रंगमंचावरून साभिनय सांगण्याचा. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी तो लोकप्रिय केला. पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण बोली त्यांनी सन्मानाने व्यासपीठावर आणली, आणि ती ऐकताना वऱ्हाडातील श्रोत्यांना आपल्या बोलीचीही आठवण होणे स्वाभाविक होते.

वऱ्हाडी बोलीला ही जागा मिळाली ती आधी पुस्तकातून आणि मग आवाजातून. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने कौतिकसारख्या कष्टकरी बाईचे बोलणे जसेच्या तसे छापून दाखविले. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांनी कवितेतून, अकोला जिल्ह्यातील दानापूरच्या प्रतिमा इंगोले यांनी कथा आणि लोकगीतांच्या संकलनातून, तर यवतमाळचे शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’सारख्या एकपात्री कथनातून ही बोली श्रोत्यांसमोर ठेवली. स्नेहसंमेलनात असा पाहुणा आला की कार्यक्रमाचा आरंभ नेहमीसारखाच होई : पटांगणात सतरंज्या, लहान वर्ग पुढे आणि मोठे मागे, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमाण मराठीतील लांबलेला परिचय. मग पाहुणा उभा राही आणि त्याच्या तोंडून ‘काहून रे पोट्टेहो’ असे काही निघाले की सारे पटांगण एकदम सैल होई. त्या हसण्यात केवळ गंमत नसे. जी भाषा बोलल्याबद्दल वर्गात टोकले जात असे, तीच भाषा मुख्याध्यापकांच्या शेजारी उभा राहून एक मान्यवर माणूस बोलत होता, आणि मुख्याध्यापकही हसत होते. मुलांच्या दृष्टीने त्या तासाचे मोल कथेच्या तात्पर्याहून अधिक होते, असे ठामपणे म्हणता येते.

या प्रथेची एक मर्यादा मात्र लवकरच उघड झाली. व्यासपीठावरची वऱ्हाडी बहुतेकदा विनोदासाठी वापरली जाऊ लागली. बोली म्हणजे हसवणूक, असा समज शाळांनीही करून घेतला, आणि ‘धग’मधील दारिद्र्याचे गंभीर, जळते बोलणे मुलांपर्यंत कथाकथनातून क्वचितच पोहोचले. हे नुकसान मोठे आहे. कापसाच्या शेतीवर जगणाऱ्या आणि कर्जाने गांजलेल्या घरांतील मुलांना आपल्या भाषेत दुःखही सांगता येते, हे ऐकण्याची गरज विनोदाइतकीच होती.

आज निमित्तांची वाण नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्रातील शाळांत २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन पाळला जातो. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा येतो आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दिवसांत लेखकाला बोलावण्याची शाळांची धडपड स्वागतार्ह आहे, परंतु तिचा लाभ शहरातील शाळांना अधिक होतो, कारण लेखक तेथेच राहतात आणि आडगावच्या जिल्हा परिषद शाळेकडे पाहुण्याच्या प्रवासखर्चाची तरतूद नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कथेवर आधारित अध्यापनाचा आणि शक्यतो पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर पाहुण्या कथाकाराच्या भाषेचा प्रश्न टाळता येत नाही.

त्या प्रश्नाची सर्वांत कठीण बाजू अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, मेळघाटात आहे. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील बहुसंख्य मुले कोरकू बोलत शाळेत येतात, आणि कोरकू ही मराठीची बोली नसून मुंडा भाषाकुळातील स्वतंत्र भाषा आहे. अमरावतीहून येणारा वऱ्हाडी कथाकारही या मुलांना परक्या भाषेतच गोष्ट सांगतो, जसे एकेकाळी क्रमिक पुस्तक वऱ्हाडी मुलांना सांगत होते. येथे पाहुणा दुरून आणण्याची गरजच नाही. कोरकू कथा आणि गाणी ज्यांना पाठ आहेत असे वडीलधारे स्त्री-पुरुष शाळेच्या शेजारच्याच ढाण्यात, म्हणजे कोरकू वस्तीत, राहतात. मानधन, निमंत्रणपत्र आणि व्यासपीठावरची खुर्ची यांवर शहरातील लेखकाइतकाच त्यांचाही अधिकार आहे, आणि शाळेच्या वार्षिक नियोजनात त्यासाठी एक तास राखून ठेवणे मुख्याध्यापकाच्या हाती आहे.