मूठभर भुकटीचा भडका

‘आरोपांची राळ उडाली’ असे वाक्य वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते. मुलांना त्याचा अर्थ विचारला तर बहुतेक जण ‘धूळ उडाली’ असे सांगतात. राळ म्हणजे मात्र धूळ नव्हे. साल वृक्षासारख्या झाडांच्या खोडातून पाझरणारा चिकट रस वाळून घट्ट झाला की राळ मिळते. राळेचा खडा निखाऱ्यावर टाकला तर तो वितळतो, धुमसतो आणि वासाचा धूर देतो. हाच खडा कुटून त्याची भुकटी केली आणि मशालीच्या ज्योतीवर मूठभर उडवली, तर क्षणार्धात पुरुषभर उंचीचा भडका होतो.

ही करामत आपल्या रंगभूमीला चांगली ठाऊक होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षस रंगमंचावर येई तो आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट आणि राळेचा भडका यांच्या साथीने. विजेचे दिवे नव्हते, मशालींचाच उजेड होता. त्या मंद उजेडात एकाएकी झगमगाट झाला की प्रेक्षक दचकत आणि पात्र दिसण्याआधीच त्याचा दरारा बसे. केरळातल्या मुडियेट्टूसारख्या विधिनाट्यांतही मशालींवर राळेची भुकटी उडवतात. क्षणभर डोळे दिपवायचे आणि मागे धूर ठेवायचा, हा राळेचा गुण आपल्या वाक्प्रचारात नेमका उतरला आहे.

युरोपच्या रंगभूमीवर हेच काम वेगळ्या पदार्थाने केले. तो पदार्थ म्हणजे एका लहानशा वनस्पतीच्या बीजाणूंची फिकट पिवळी भुकटी, लायकोपोडियम. आम्ही राहतो तो नाशिकचा गंगापूर रोड महाविद्यालयांसाठी ओळखला जातो. अशा महाविद्यालयी वस्तीत ही भुकटी तीन वेगवेगळ्या दारांनी येते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती कणांचा आकार मोजायला लागते, औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी तिच्या साह्याने वनौषधींची शुद्धता तपासायला शिकतात आणि होमिओपॅथीच्या दुकानात तिचे नाव बाटलीवर असते. हानेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती आपल्या औषधांत घेतली, तेव्हापासूनची ही ओळख. पण या तिन्ही दारांशी येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मूळ वनस्पतीबद्दल विचारलेले असते. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

लांडग्याचा पाय

लायकोपोडियम क्लाव्हॅटम ही वनस्पती थंड प्रदेशातल्या जंगलांत जमिनीवर सरपटत वाढते. ग्रीक भाषेत ‘लायकोस’ म्हणजे लांडगा आणि ‘पोडियन’ म्हणजे लहान पाऊल. बारीक पानांनी गच्च भरलेली तिची फांदी केसाळ पंजासारखी दिसते, म्हणून हे नाव. इंग्रजीत तिला क्लब मॉस म्हणतात, पण ती मॉस नाही. तिच्या शरीरात पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असतात. फुले, फळे, बिया मात्र नसतात. तिच्या कुळातल्या प्राचीन वनस्पती सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तीस मीटर उंचीचे वृक्ष होत्या आणि युरोप-अमेरिकेतल्या दगडी कोळशात त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडचा बहुतेक कोळसा त्यानंतरच्या काळातला आणि वेगळ्या झाडांचा. लायकोपोडियमची काही नातलगे आपल्या पश्चिम घाटातल्या दमट जागीही आढळतात, पण व्यापारात आली ती प्रामुख्याने युरोपातली जात.

उन्हाळ्याच्या अखेरीस या वनस्पतीच्या उभ्या दांड्यांवर गदेच्या आकाराचे दोन-तीन शंकू येतात. त्यांतल्या पिशव्यांत बीजाणू तयार होतात. रशिया, पोलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड इथल्या जंगलांत ते गोळा करण्याचा धंदा चाले. यात वेळ साधणे महत्त्वाचे. शंकू हिरवे असताना तोडले तर बीजाणू अपुरे राहतात आणि पूर्ण पिकू दिले तर वाऱ्यावर उडून जातात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शंकू पिवळे पडू लागताच ते कापायचे, उबदार जागी वाळवायचे, झटकायचे आणि बारीक चाळणीतून भुकटी गाळून घ्यायची. एका शंकूची लांबी दोन ते पाच सेंटिमीटर. तेव्हा किलोभर भुकटीसाठी किती वाकावे लागत असेल याची कल्पना करावी.

माल महाग, म्हणून भेसळही आली. पाइनचे पराग, पिष्ट आणि शंखजिरे तिच्यात मिसळले जात. औषधी ग्रंथांनी त्यावर सोप्या कसोट्या दिल्या. शुद्ध भुकटी पाण्यावर तरंगते आणि भिजत नाही. पाणी उकळले की मात्र ती बुडते. शंखजिरे थंड पाण्यातच तळाला जाते, पिष्ट असेल तर आयोडीनने निळा रंग येतो आणि पराग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. बीजाणूवर जाळीदार नक्षी असते आणि एका बाजूला तीन रेषांची खूण. चार बीजाणू एकमेकांना चिकटून तयार होतात, त्याची ही खूण.

आग कशात असते?

आता मूळ प्रश्न. राळेचा खडा धुमसतो आणि राळेची भुकटी भडकते, असे का? वर्गात फळ्यावर करण्याजोगा हिशोब आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे २५ मायक्रोमीटर बाजूचे, म्हणजे साधारण एका बीजाणूएवढे, घन पाडा. प्रत्येक बाजूला ४०० असे एकूण ६ कोटी ४० लाख तुकडे होतील आणि सगळ्यांचे मिळून पृष्ठफळ २४०० चौरस सेंटिमीटर भरेल. वर्तमानपत्राच्या एका पानाहून हे क्षेत्र मोठे आहे. पदार्थ तेवढाच, पण त्याला हवा भेटण्याची जागा चारशे पट वाढली.

ज्वलन पृष्ठभागावर होते, कारण प्राणवायू तिथेच पोचतो. मोठा खडा पेटला तर आतला भाग वाट पाहत बसतो. हवेत पसरलेल्या बारीक कणाभोवती मात्र सगळीकडून हवा असते, तो एका निमिषात तापतो आणि जळतो, त्याची उष्णता शेजारच्या कणाला पुरते. लायकोपोडियमच्या बीजाणूत वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते, त्यामुळे इंधनाचीही कमतरता नाही. ही भुकटी वाटीत ढीग करून ठेवली तर ती सहज पेटत नाही, हवेत फुंकली तरच भडकते. म्हणजे ‘ज्वालाग्राही’ हा गुण पदार्थाइतकाच त्याच्या मांडणीचाही असतो.

नाटकवाल्यांना हा सिद्धांत शिकवावा लागला नाही. मूठ कशी झटकायची, ज्योतीपासून किती अंतर ठेवायचे, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. मात्र कॅमेऱ्याच्या जुन्या झगमगाटाचे श्रेय लायकोपोडियमला देतात ते बरोबर नाही. १८८७ पासून प्रचारात आलेल्या त्या भुकटीत मुख्यतः मॅग्नेशियम असे. बीजाणूंची पिवळसर ज्योत रंगमंचावरच्या विजेला पुरेशी होती, फोटोच्या काचेला नव्हे.

भडक्यातून इंजिन

छायाचित्रणाशी या भुकटीचे नाते वेगळ्याच वाटेने जुळले. फ्रान्समधील नीएप्स बंधूंना, क्लोद आणि निसेफोर यांना वाटले, की हा भडका बंद नळकांड्यात घडवला तर त्याच्या दाबाने काम करून घेता येईल. त्यांनी लायकोपोडियमच्या भुकटीवर चालणारे यंत्र बनवले, त्याला ‘पीरेओलोफोर’ नाव दिले आणि सोन नदीवर त्याच्या बळाने नाव हाकून दाखवली. २० जुलै १८०७ रोजी नेपोलियनच्या सहीने त्याचे एकस्व मिळाले. अंतर्ज्वलन इंजिनाच्या इतिहासातले हे अगदी सुरुवातीचे पान. उष्मागतिकीचा पाया घालणाऱ्या सादी कार्नो यांनी १८२४ सालच्या आपल्या ग्रंथात या यंत्राची नोंद घेतली आहे.

पण रानात वाकून गोळा केलेले बीजाणू जाळून नाव किती दिवस चालणार? बंधूंनी स्वस्त इंधन शोधले आणि कोळशाच्या भुकटीत मिसळण्यासाठी निवडली ती राळ! मराठी नाटकातली राळ आणि फ्रेंच यंत्रातली राळ वेगवेगळ्या झाडांची असली, तरी दोन्हींमागचे तत्त्व एकच. पुढे निसेफोर नीएप्स यांनीच १८२६-२७ च्या सुमारास जगातले पहिले टिकाऊ छायाचित्र घेतले. त्याच वाटेवर पुढे आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोचले.

हलका, सारखा, कोरडा

प्रयोगशाळेत या भुकटीला मान मिळाला तो आगीमुळे नव्हे. तिचे कण हलके, जवळजवळ सारख्या आकाराचे आणि पाण्याला दूर ठेवणारे असतात. कंप पावणाऱ्या पत्र्यावर वाळू टाकली तर ती स्थिर रेषांवर गोळा होते. लायकोपोडियम मात्र उलट, जिथे कंपन जास्त तिथे जमते. हे कोडे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये सोडवले. पत्र्याच्या कंपनामुळे हवेत बारीक प्रवाह निर्माण होतात आणि हलकी भुकटी त्यांच्याबरोबर वाहते. हवा काढून घेतल्यावर ती वाळूसारखीच वागली. १८६६ मध्ये ऑगस्ट कुंट यांनी काचेच्या नळीत हीच भुकटी पसरून ध्वनिलहरींची लांबी डोळ्यांना दाखवली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात चेस्टर कार्लसन यांनी विद्युतभारित गंधकाच्या थरावर लायकोपोडियम शिंपडले आणि त्यातून उठलेली अक्षरे मेणकागदावर घेतली. आजच्या झेरॉक्सची ही पहिली प्रत.

औषधशास्त्राने तिचे कण मोजमापाला लावले. एका मिलिग्रॅममध्ये सरासरी ९४,००० बीजाणू असतात, हे धरून टी. ई. वॉलिस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनौषधींच्या भुकटीतले घटक मोजण्याची रीत बसवली. १९७१ मध्ये स्टॉकमार यांनी ठरावीक संख्येने बीजाणू असलेल्या गोळ्या तळ्यांच्या गाळातील पराग मोजण्यासाठी सुचवल्या, त्या आजही वापरतात. माहीत असलेली संख्या मिसळायची आणि तिच्या प्रमाणावरून माहीत नसलेली काढायची, असा हा साधा त्रैराशिकाचा हिशोब.

पण एक उपयोग अंगाशी आला. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत, रबरी हातमोजे सहज चढावेत म्हणून ही भुकटी लावत. बीजाणूचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या विलक्षण टिकाऊ पदार्थाचे असते. शस्त्रक्रियेत जखमेत पडलेले बीजाणू शरीराला पचवता येत नाहीत, त्यांच्याभोवती गाठी होतात, हे १९३० च्या दशकात ध्यानात आले. त्यांची जागा शंखजिऱ्याने आणि नंतर पिष्टाने घेतली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेने भुकटी लावलेल्या हातमोज्यांवरच बंदी घातली.

दोन घड्याळे

ज्या गुणाने रंगमंच उजळला, त्याच गुणाने कारखाने उद्ध्वस्त झाले आहेत. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतल्या तुरीन शहरात पिठाच्या गोदामात दिव्यामुळे स्फोट झाला. २ मे १८७८ रोजी अमेरिकेत मिनिआपोलिसची प्रचंड गिरणी पिठाच्या धुळीने उडाली आणि १८ माणसे मेली. २७ जून २०१५ रोजी तैवानमध्ये एका कार्यक्रमात गर्दीवर रंगीत पिष्ट उधळले गेले. ते पेटले आणि १५ तरुणांचे प्राण गेले, शेकडो होरपळले. नाशिकच्या रंगपंचमीला रहाडीत रंग पाण्यात कालवतात, भिजलेल्या रंगाला हा धोका नाही. पण गिरणी, साखर कारखाना, लाकूड कापण्याची वखार, अशा जागी तुळयांवर साचलेली धूळ झाडणे ही निव्वळ टापटीप नसते, हे आपल्या विद्यार्थ्यांना कळले पाहिजे. भडक्याचा प्रयोग वर्गात मुलांकडून करवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. घनाचा हिशोब फळ्यावर करावा. भुकटी मिळाली तर पाण्यावर ती पसरून बोट बुडवायला सांगावे. बोट कोरडे बाहेर येते आणि मुले स्वतःच ‘का?’ विचारतात.

दुसरी किंमत वनस्पतीने मोजली. जमिनीत पडलेला बीजाणू रुजायलाच काही वर्षे घेतो. त्यातून निघणारी पहिली पिढी हिरवी नसते. ती मातीखाली बुरशीच्या आधाराने जगते आणि नवे रोप वर दिसायला कधी कधी दशकाहून अधिक काळ जातो. शंकू अलगद कापले तर वेल जगते, ओरबाडले तर ती तुटते आणि तिची जागा घेणारे रोप लवकर येत नाही. सजावटीसाठी वेली उपटल्या गेल्या, जंगलेही कमी झाली. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात लायकोपोडियमच्या जाती नोंदल्या आहेत. त्या गोळा करायच्या तर बंधने घालता यावीत यासाठी ही नोंद.

भडका एका निमिषाचा आणि त्यामागचे रोप दशकाचे, ही दोन घड्याळे कधी जुळली नाहीत. मिलिग्रॅमच्या हिशोबाला, तळ्याच्या गाळाला चिमूटभर बीजाणू पुरतात, तो खर्च रान सोसू शकते. पण उपयोगांची यादी शिकवताना वनस्पतीचे वयही फळ्यावर लिहावे. एखादी वस्तू कशाला उपयोगी पडते हे सांगितल्यावर, ती पुन्हा तयार व्हायला किती वेळ लागतो, हा पुढचा प्रश्न विचारायची सवय मुलांना लागायला हवी.