डायनामो ते अल्टरनेटर : जुन्या मोटारींच्या विजेचा इतिहास

मोटारगाडीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तिला विजेची गरज फारशी नव्हती; ठिणगीसाठी मॅग्नेटो, म्हणजे कायमचुंबकावर चालणारे छोटे जनित्र, पुरेसे होते, दिवे तेलाचे किंवा कार्बाइडवर पाणी ठिबकवून मिळणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे असत आणि इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. ही स्थिती १९१२ साली पालटली. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने कॅडिलॅक गाडीसाठी बनवलेले यंत्र इंजिन सुरू करताना मोटर म्हणून काम करी आणि इंजिन चालू झाल्यावर तेच जनित्र बनून बॅटरी भरत असे. तेव्हापासून बॅटरी, ती भरणारे जनित्र आणि त्या दोहोंमधील नियंत्रक ही व्यवस्था मोटारीला कायमची चिकटली. हे जनित्र पुढे जवळजवळ अर्धशतक डायनामोच राहिले, आणि आज एखाद्या जुन्या गाडीला अल्टरनेटर बसवताना ज्या अडचणी येतात त्यांपैकी बहुतेक या काळात डायनामोच्या उणिवा सांभाळून घेण्यासाठी केलेल्या तजविजींतून आलेल्या आहेत.

डायनामोत चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी वेटोळी स्थिर असतात आणि वीज निर्माण करणारे वेटोळे, म्हणजे आर्मेचर, त्यांच्यामध्ये फिरते. परिणामी निर्माण झालेली सगळी वीज फिरत्या भागातून बाहेर काढावी लागते, आणि ते काम तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर व त्यावर घासणारे कार्बन ब्रश करतात. फार वेगाने फिरवल्यास आर्मेचरची वेटोळी केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकली जाण्याचा धोका असल्यामुळे डायनामोची पुली मोठी ठेवावी लागे, आणि पुली मोठी म्हणून इंजिन मंद चालत असताना डायनामो बॅटरी भरू शकत नसे. मोकळ्या रस्त्यावर पुरेशी वीज देणारा हाच डायनामो शहराच्या गर्दीत, दिवे लावून रखडत चालणाऱ्या गाडीला अपुरा पडे.

विजेचे प्रमाण आवरण्याचे उपायही सुरुवातीला ओबडधोबड होते. १९२० च्या दशकातील अनेक गाड्यांत कम्युटेटरवर तिसरा ब्रश असे व तो हाताने पुढेमागे सरकवून विद्युतधारा ठरवावी लागे. काही ब्रिटिश गाड्यांच्या डॅशबोर्डवर उन्हाळा आणि हिवाळा अशी निवड करणारे बटण होते. दिवस मोठे, दिव्यांचा वापर कमी, म्हणून उन्हाळ्यात चालकाने डायनामोचा जोर स्वतः कमी करावा अशी अपेक्षा असे. बॅटरीच्या प्रकृतीची काळजी मालकाच्या पंचांगावर सोपवणारी ही योजना फार काळ टिकली नाही, हे बरेच झाले. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने ब्रिटिश गाड्यांना व्होल्टेजनुसार आपोआप चालणारा नियंत्रक दिला. त्याच्या पेटीत दोन उपकरणे होती : व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर आणि इंजिन मंदावल्यावर बॅटरीतील वीज उलट डायनामोत जाऊ नये म्हणून जोडणी तोडणारा कटआउट. युद्धोत्तर काळात ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारी आरबी१०६ ही पेटी याच घराण्यातील होय, आणि तिच्यासोबत येणारा सी४० डायनामो पूर्ण वेगात २२ अँपिअर देत असे.

अल्टरनेटरची कल्पना नवी नव्हती. त्यात भूमिका उलटतात : चुंबकीय क्षेत्राचे वेटोळे, म्हणजे रोटर, फिरते आणि वीज स्थिर वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, निर्माण होते. दोन गुळगुळीत स्लिप रिंगांवरून रोटरला दोनचार अँपिअर धारा पोहोचवणे एवढेच ब्रशांचे काम उरते, म्हणून हे यंत्र छोट्या पुलीने कितीतरी अधिक वेगात फिरवता येते आणि मंद इंजिनावरही वीज देते. अडचण अशी की स्टेटरमधील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारी, असते व बॅटरीला एकाच दिशेची लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लीव्हलँडच्या लीस-नेव्हिल कंपनीने पोलिसांच्या गाड्या आणि बस यांच्यासाठी अल्टरनेटर दिले, पण त्यांना दिशा सुधारणारे सेलेनियमच्या पत्र्यांचे वेगळे, बोजड उपकरण लागे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर मात्र असे सहा डायोड अल्टरनेटरच्या पोटातच मावले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर मूळ साधन म्हणून दिला आणि पुढील काही वर्षांत अमेरिकेतील इतर उत्पादक त्याच वाटेने गेले. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कटआउटची गरज संपली. आपल्या धारेची कमाल मर्यादा अल्टरनेटर स्वतःच्या वेटोळ्यांच्या गुणधर्मामुळे राखतो, म्हणून धारा आवरणारे वेगळे उपकरणही लागेनासे झाले. उरला तो केवळ व्होल्टेजचा रेग्युलेटर.

ब्रिटनमध्ये हा बदल अर्थिंगच्या प्रश्नाशी जोडला गेला. १९३० च्या दशकापासून तेथील गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडण्याची पद्धत होती. सिलिकॉन डायोड असलेले अल्टरनेटर मात्र प्रायः ऋण टोक सांगाड्याला जोडलेल्या गाडीसाठी बनत. म्हणून जॅग्वार ई-टाइप १९६४ साली ४.२ लिटरची झाली तेव्हा तिला लुकासचा ११एसी अल्टरनेटर आणि ऋण अर्थिंग ही दोन्ही एकाच वेळी मिळाली. एमजीबीच्या बाबतीत हेच १९६७ च्या अखेरीस घडले. या पहिल्या पिढीत रेग्युलेटर वेगळ्या पेटीत असे, तर १६एसीआर व १७एसीआर या पुढील प्रकारांत तो अल्टरनेटरच्या आतच गेला. आज ब्रिटिश गाडीला काळाशी जुळणारा अल्टरनेटर शोधणाऱ्यांची पहिली पसंती या प्रकारांना असते, आणि ती योग्य आहे.

भारतात हा बदल उशिरा आला. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट ११०० आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसिडर या दोन्हींच्या जुन्या गाड्या डायनामोच्या. स्पर्धा नसलेल्या बाजारात रचना बदलण्याची घाई कोणालाच नव्हती. मद्रासजवळ पाडी येथे १९६१ साली स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसमुळे निदान सुटे भाग देशात मिळू लागले. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मुळे लहान, हलका आणि सर्वत्र दुरुस्त होणारा अल्टरनेटर घरोघरी पोहोचला.

जुन्या गाडीसाठी अल्टरनेटर निवडताना आधी विजेचा हिशेब मांडावा लागतो. प्रत्येकी ५५ वॅटचे दोन डिपर दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात. मागचे व डॅशबोर्डचे दिवे, इग्निशन कॉइल आणि वायपर मिळून तेवढेच आणखी, आणि विजेचा पंखा बसवला असल्यास सुमारे १० अँपिअर वेगळे. याचा अर्थ ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर पुरेसा ठरतो. १०० अँपिअरचा अल्टरनेटर स्वस्तात मिळतो म्हणून बसवणे ही चूक आहे, कारण उतरलेली बॅटरी भरताना तो जुना अरुंद पट्टा घसरवतो आणि मूळ वायरिंगवर तिने कधी न सोसलेला भार टाकतो. ३० अँपिअरपर्यंत खुणा असलेल्या अँपिअरमापकातून (ज्यातून गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते) असा भार गेल्यास तो तापून डॅशबोर्डमागे आग लागू शकते.

जोडणीचे काम ब्रिटिश गाडीत तुलनेने सोपे आहे, कारण लुकासने तारांचे रंग ठरवून दिले होते : बॅटरीची मुख्य तार तपकिरी, इग्निशनची पांढरी. आरबी१०६ पेटीच्या ए, ए१ व डी या टोकांवरील जाड तारा एकत्र जोडल्या की डायनामोची जुनी जाड तार अल्टरनेटरची मुख्य तार बनते. डी वरील बारीक तार सूचक दिव्याची असते, ती अल्टरनेटरच्या आयएनडी टोकाला जाते. डायनामोच्या क्षेत्राला वीज नेणारी एफ टोकाची तार निरुपयोगी होते आणि तिचे टोक झाकून ठेवावे लागते. मात्र ही जाड तार नव्या धारेला पुरेल याची खात्री नसल्यास अल्टरनेटरपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत नवी तार टाकणे श्रेयस्कर, ०.३० मिमी जाडीचे ८४ तंतू असलेली तार सुमारे ४२ अँपिअर वाहून नेते. सूचक दिव्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण रोटरला पहिले चुंबकत्व त्याच्यातून जाणाऱ्या धारेने मिळते, आणि बल्ब जळाला तर अल्टरनेटर निर्दोष असूनही वीज देण्यास सुरुवात करत नाही. धन अर्थिंगची गाडी ऋण करताना कॉइलची टोके व अँपिअरमापकाच्या तारा उलटवाव्या लागतात, आणि बॅटरी एकदा जरी उलट जोडली गेली तरी डायोड त्याच क्षणी जळतात. ६ व्होल्टच्या गाडीला तर दिवे आणि कॉइलही बदलावी लागते.

काही गाड्यांत हा बदल करूच नये. एमजीच्या एम-टाइप व जे२ या गाड्यांत उभा बसवलेला डायनामो हा इंजिनाचाच अवयव आहे, कारण वरच्या कॅमशाफ्टला गती त्याच्या आर्मेचरच्या दांड्यातून मिळते. एमजी टीडीत इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाची गती डायनामोच्या मागील टोकातून घेतलेली आहे. अशा ठिकाणी डायनामोची नव्याने वेटोळी भरून घेणे हाच शहाणा मार्ग होय. इतर गाड्यांत डायनामोच्या आकाराच्या कवचात बसवलेला अल्टरनेटर मिळतो, आणि रिकामी केलेली जुनी नियंत्रक पेटी जोडणीपेटी म्हणून जागेवर ठेवता येते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली व मूळ स्वरूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, आणि या व्याख्येत चासिस, बॉडी व इंजिन यांतील मोठे फेरफार वर्ज्य मानले आहेत. अल्टरनेटरचा त्यात नामोल्लेख नसला तरी काढलेला डायनामो, नियंत्रक पेटी, पुली आणि कंस मालकाने भंगारात न देता चिठ्ठी लावून गाडीबरोबरच ठेवावेत, म्हणजे पुढील मालकाला ती पुन्हा मूळ रूपात आणता येईल.