मुंगसाची पाळी, मांजराची पाळी

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला मी गेलो होतो ते कल्याणीच्या चालुक्यांच्या खुणा पाहायला, पण रमलो यजमानांच्या परसात. आम्ही गोव्यात ज्याला परसू म्हणतो, त्याला तिथली मराठी घरं परसदार म्हणतात आणि कानडी घरं हित्तल. विहीर, शेवगा, सीताफळ, कडेला तुराट्यांचा ढीग. सकाळी नवाच्या सुमारास त्या ढिगातून एक करडं मुंगूस बाहेर यायचं. घरची मांजर विहिरीच्या काठावर पाय दुमडून बसलेली असायची. ती फक्त एक कान हलवी. शेजारचं पोर मात्र ओरडायचं, "मुंगुसी बंतु!" म्हणजे मुंगूस आलं.

त्या एका शब्दापाशी मी थबकलो. कानडीत मुंगुसी, तेलुगूत मुंगिस, मराठीत मुंगूस. मूळ बहुधा द्राविडी भाषांतलं, पण युरोपीयांच्या तोंडी तो गेला तो आपल्या मराठीतून. पोर्तुगीजांनी त्याचा मांगुश्तु केला, इंग्रजांनी मंगूज. जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो सापडतो. गंमत अशी की त्याच्या कितीतरी आधी, १५६३ साली, खुद्द गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या 'कोलोकियुश'मध्ये हा प्राणी आहे, पण तमिळ नावाने. इतकी वर्षं गोव्यात राहून या गृहस्थाने परसातला शब्द काही उचलला नाही!

ज्या गावी मी होतो तिथल्याच तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. मराठीचे जुने नमुने त्यात आहेत म्हणून आपण तो ग्रंथ मानतो. त्याच्या पाकशास्त्रात शेतातले काळे उंदीर तेलात तळायची कृतीही आहे. म्हणजे मांजर, मुंगूस आणि राजा, तिघांचा डोळा एकाच भक्ष्यावर.

यजमानांच्या आईने, आज्जींनी, मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या माहेरच्या वाड्यात बाळाच्या पाळण्यापाशी साप आला, पाळलेल्या मुंगसाने तो मारला. आई पाणी घेऊन आली, मुंगसाचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं आणि तिने त्याच्यावर घागर घातली. वाचकांना ही पंचतंत्रातली म्हणून ठाऊक असेल. पाचव्या तंत्रात ती येते. चालुक्यांच्याच दरबारातल्या दुर्गसिंहाने अकराव्या शतकात पंचतंत्र कानडीत आणलं होतं. युरोपात पोचेपर्यंत मुंगसाचा कुत्रा झाला, वेल्समध्ये तर त्या कुत्र्याचं थडगंही दाखवतात. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९४० साली या कथेवर लेख लिहिला, तो नेमका ती खरी घडलेली हकिकत म्हणून सांगितली जाते याबद्दल. मी आज्जींना यातलं काही बोललो नाही. त्यांचे डोळे पाणावले होते.

मुंगूस दिसलं की शुभ, मांजर आडवं गेलं की अशुभ, हा न्याय गोव्यात तसाच तिथेही. मांजरावर अन्यायच म्हणायचा, कारण खरं काम दोघं वाटून घेतात. मुंगूस दिवसाचा प्राणी, उंदीर रात्रीचा. हे न पाहता एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने १८७२ साली कलकत्त्याहून धाकट्या जातीची नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर संपवायला. आधी फरक दिसला. मग त्यांची पिलावळ वाढली आणि कोंबड्या, पक्षी, सरडे यांच्यावर संक्रांत आली. आपल्याकडे उलटं: ब्रशाच्या केसांसाठी मुंगसंच मारली जातात. कायद्याने तो गुन्हा आहे, तरीही.

माझ्या मुक्कामातच यजमानांनी तुरीच्या पोत्यांसाठी उंदरांच्या औषधाची पुडी आणली. आज्जी भडकल्या. "औषध खाऊन मेलेला उंदीर कोण खाणार? दिवसा ते, रात्री ही. दोघांनाबी मारतोस काय रे?"

"मग पोती कोण राखणार, आई?"

दोघांचंही खरं होतं. दोन पोत्यांना भोकं पडलेली मी स्वतः पाहिली होती. निघायच्या सकाळी पुडी माजघरातल्या फळीवर होती, न फोडलेली. मांजर तिच्याखालीच झोपली होती, आणि नऊ वाजायला अजून अवकाश होता.