तारापूरचे इंधन आणि कराराचा कागद

आपण कॅम्पातली माणसे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शेजारी असल्याने सैन्याचे बळ काय असते, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण दोन देशांच्या वादात कागदालाही बळ असते आणि ते बहुधा दुबळ्या बाजूच्या उपयोगी पडते. आम्ही सरकारी कचेरीत फायली हाताळणारे, म्हणून तारापूरची ही हकिगत आम्हाला विशेष वाटते.

१९६३ साली भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूर अणुवीज केंद्राचा ३० वर्षांचा करार झाला. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, इंधनाचे समृद्ध युरेनियमही अमेरिकेचेच. अमेरिकेने इंधन पुरवायचे, भारताने या केंद्रात दुसरे इंधन वापरायचे नाही आणि त्याचा उपयोग शस्त्रांसाठी होत नाही याची तपासणी करू द्यायची, असे ठरले. १९६९ पासून केंद्राची वीज मिळू लागली.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. त्यासाठीचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते कॅनडाच्या मदतीने तुर्भ्याला उभारलेल्या सायरस अणुभट्टीतले होते. तरी झळ तारापूरला बसली. १९७८ साली अमेरिकेने कायदा केला : जो देश आपल्या सगळ्या अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य करणार नाही, त्याला इंधन नाही.

तेव्हा पंतप्रधान होते मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणींमुळे आपल्याकडच्या घरांत त्यांचे नाव फारशा प्रेमाने घेतले जात नाही. पण या प्रश्नावर ते ताठ राहिले. ज्यांच्याकडे अणुबाँब आहेत ते स्वतःला जो नियम लावत नाहीत, तो आम्हीच का पाळावा, हा त्यांचा सवाल होता. दुसरा मुद्दा सरळ कायद्याचा होता. करार १९६३ चा, कायदा १९७८ चा; एका पक्षाने घरी केलेल्या कायद्याने दोघांचा करार कसा बदलेल? शिवाय, तुम्ही करार मोडलात तर आमच्यावरच्या अटीही सुटतील, असे भारताने बजावले. तारापूरला साठलेल्या वापरलेल्या इंधनाचे मग काय होणार, ही काळजी वॉशिंग्टनला होतीच.

१९८० साली तिथल्या अणुनियामक आयोगाने नकार दिला, तरी अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन देण्याचे ठरवले. प्रतिनिधीगृह विरोधात गेले. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी निभावले. १९८२ साली इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला : इंधन फ्रान्सने द्यायचे, तपासणी चालू ठेवायची. अमेरिका पुरवठ्यातून सुटली, म्हणजे आपला पूर्ण विजय झाला असे नाही. पण केंद्र बंद पडले नाही. आणि समोरच्याने हात आखडला तरी भारताने तारापूरची तपासणी थांबवली नाही. १९९३ साली कराराची मुदत संपल्यावरही ते केंद्र आंतरराष्ट्रीय तपासणीखालीच ठेवले. आपला शब्द पाळला म्हणूनच दुसऱ्याला त्याचा शब्द दाखवता आला.

पुढे काळ पालटला. अमेरिकेच्या अणुचाचण्यांनी पोळलेल्या मार्शल बेटांनी २०१४ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. अण्वस्त्रे कमी करण्याच्या वाटाघाटी करणे तुमच्यावर बंधनकारक आहे, असा त्यांचा दावा होता. त्यात एक प्रतिवादी भारत होता. २०१६ साली न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर प्रकरण पुढे चालवायला नकार दिला. भारताच्या बाबतीत मते पडली ९ विरुद्ध ७. एकेकाळी अमेरिकेपुढे कराराचा कागद धरणारे आपण, त्या दिवशी बलवानांच्या बाकावर बसलो होतो.

सीमाभागातल्या आपल्या घरांत जुने दाखले, ठराव आणि अर्जांच्या प्रती अजून जपून ठेवलेल्या आहेत. आम्ही सरकारी नोकर, त्या विषयावर इथे अधिक लिहीत नाही. एवढेच म्हणतो, की तारापूरची गोष्ट मुलांना सांगताना मार्शल बेटांचीही सांगावी. गणपती बाप्पा मोरया!